चष्म्याआधीचा हॅरोल्ड लॉईड: शाळेच्या रंगमंचापासून एकरिळी विनोदपटांपर्यंत

१/
उंच इमारतीवरील घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा चष्मेवाला तरुण आणि खाली लॉस एंजेलिसचा गजबजलेला रस्ता. १९२३ सालच्या ‘सेफ्टी लास्ट!’ या मूकपटातील हे दृश्य शंभर वर्षांनंतरही जगभर ओळखीचे आहे. ते पाहिलेल्या अनेकांना चित्रपटाचे नाव ठाऊक नसते आणि नटाचे नाव तर त्याहूनही कमी जणांना माहीत असते. तो नट म्हणजे हॅरोल्ड लॉईड. आजचा धागा त्या घड्याळापर्यंत पोहोचण्याआधीच्या लॉईडविषयी आहे: शाळकरी नाटकांत रमलेला एक मुलगा विनोदी लघुपटांत कसा आला, आणि तेथे स्वतःचा चेहरा सापडायला त्याला इतकी वर्षे का लागली?

२/
मूकपटांच्या विनोदाचा इतिहास लिहिताना चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन आणि हॅरोल्ड लॉईड ही तीन नावे एकत्र घेतली जातात. मात्र तिघांची जडणघडण सारखी नाही. चॅप्लिनचे आईवडील लंडनच्या म्युझिक हॉलमधील गायक होते. कीटन तर चालायला लागला तेव्हापासून आईवडिलांच्या खेळात रंगमंचावर आदळत-आपटत होता. विनोद त्या दोघांच्या घरातच होता. लॉईडच्या घरी यांपैकी काहीच नव्हते. त्याला विनोदी नट व्हायचेही नव्हते. गंभीर नाटकांतील चरित्र-अभिनेता होणे हे त्याचे स्वप्न होते.

३/
त्याचा जन्म २० एप्रिल १८९३ रोजी अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील बर्चर्ड या छोट्या गावी झाला. वडील जेम्स लॉईड एका धंद्यात फार काळ टिकत नसत. शिवणयंत्रांची विक्री करून पाहिली, इतरही उद्योग झाले. आज हे गाव, उद्या ते. नेब्रास्का आणि कोलोरॅडो या राज्यांत कुटुंबाची बिऱ्हाडे सतत हलत राहिली. पुढे आईवडील विभक्त झाले. दर थोड्या दिवसांनी नवी शाळा, नवे सवंगडी. अशा मुलाला दर वेळी नव्याने ओळख करून द्यावी लागते. नाटकाची ओढ त्याला याच काळात लागली.

४/
ओमाहा शहरात त्याची गाठ जॉन लेन कॉनर या नटाशी पडली. त्या भेटीची कथा लॉईडने आपल्या आत्मकथनात सांगितली आहे. एका दुकानाच्या खिडकीत ज्योतिषाचे तक्ते मांडलेले होते आणि हा मुलगा ते पाहत उभा होता. इतक्यात आगीचा बंब घंटा वाजवीत गेला. सारे लोक त्यामागे धावले. मुलगा मात्र जागचा हलला नाही. ही एकाग्रता कॉनरच्या नजरेत भरली आणि त्याने स्वतःहून बोलणे काढले. पुढे कॉनर लॉईड कुटुंबाच्याच घरी राहू लागला.

५/
त्या काळी अमेरिकेतील मध्यम आकाराच्या शहरांतही ‘स्टॉक कंपनी’ म्हणजे स्थायिक नाटकमंडळी असत. नटसंच तोच, नाट्यगृह तेच. नाटक मात्र बहुधा दर आठवड्याला बदलायचे. अशा मंडळींना अधूनमधून बालनटांची गरज पडे. कॉनर ओमाहाच्या ज्या मंडळीत होता, तिच्यात टॉमस हार्डीच्या ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ या कादंबरीचे नाट्यरूप उभे राहिले आणि नायिकेच्या धाकट्या भावाची, अब्राहमची, भूमिका लॉईडला मिळाली. व्यावसायिक रंगमंचावरील त्याची ही सुरुवात गंभीर, शोकात्म कथेतून झाली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

६/
यानंतर या कथेत एक नाणे येते. वडिलांना एका अपघाताबद्दल नुकसानभरपाईचे पैसे मिळाले. आता जायचे कुठे? एक पर्याय पूर्वेकडील न्यूयॉर्क, म्हणजे नाटकांची राजधानी. दुसरा पर्याय पश्चिमेकडील सॅन डिएगो, कारण कॉनरने तेथे अभिनयाची शाळा काढली होती. नाणे उडवून निर्णय झाला आणि कौल सॅन डिएगोच्या बाजूने पडला, असे लॉईड सांगत असे. यशस्वी माणसांच्या आठवणींत नशिबाची अशी नाणी वारंवार सापडतात, त्यामुळे ती जरा सावधपणेच घ्यावीत. पण बापलेक सॅन डिएगोला गेले, हे खरे. गुरू तेथे होता, म्हणून ते शहर यादीत होते, हेही तितकेच खरे.

७/
कॉनरच्या संस्थेचे नाव होते ‘स्कूल ऑफ एक्स्प्रेशन’. हे नाव त्या काळाविषयी बरेच काही सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत वक्तृत्व, वाचिक अभिनय आणि देहबोली शिकवणाऱ्या अशा शाळांची लाट आली होती. बॉस्टनमध्ये सॅम्युएल सायलस करी यांची याच नावाची शाळा प्रसिद्ध होती. फ्रान्सच्या फ्राँस्वा देल्सार्त यांनी मांडलेली हावभावांची पद्धत १८७०च्या दशकात अमेरिकेत पोहोचली होती. कोणत्या भावनेला मान कशी वळते, हात कुठे जातो, याचा त्या पद्धतीत बारकाईने विचार केलेला होता. अभिनय ही शिकण्याची विद्या आहे, हा विश्वास या साऱ्यामागे होता.

८/
लॉईड दिवसा सॅन डिएगो हायस्कूलमध्ये शिके आणि शाळेच्या नाटकांत काम करी. उरलेला वेळ कॉनरच्या शाळेत जाई. त्याला सर्वांत अधिक वेड होते ते रंगभूषेचे. मेण, रंग, खोटे केस आणि दाढीमिश्या यांच्या साहाय्याने कोवळ्या मुलाचा म्हातारा करणे, चेहरा पार ओळखू न येईल इतका बदलणे, ही त्याच्या दृष्टीने अभिनयाची परीक्षा होती. चांगला नट म्हणजे स्वतः नाहीसा होणारा नट, हा धडा त्याने शाळेच्या रंगमंचावरून घेतला. पुढची काही वर्षे हाच धडा त्याला तारणार होता, आणि अडवणारही होता.

९/
चित्रपटाशी संबंध आला तो पोटासाठी. वडिलांनी सॅन डिएगोत घातलेला धंदा बुडाला. १९१२च्या अखेरीस एडिसन कंपनीचा चित्रणसंच तेथे आला. त्यांना गर्दीत उभी करायला माणसे हवी होती. ‘द ओल्ड मंक्स टेल’ या चित्रपटात लॉईड क्षणभर दिसला, तो याकी आदिवासीच्या वेषात. चित्रपट १९१३च्या आरंभी प्रदर्शित झाला. रंगभूमीवरील नटांच्या लेखी त्या काळी चित्रपटाला फारशी प्रतिष्ठा नव्हती. लॉईडनेही ती मजुरी म्हणूनच पत्करली.

१०/
मग तो लॉस एंजेलिसला गेला. युनिव्हर्सल कंपनीच्या फाटकावर पहारेकरी नवख्यांना आत सोडत नसे. लॉईडच्या ध्यानात आले की, दुपारी जेवायला बाहेर पडलेले एक्स्ट्रा नट रंग न पुसताच परततात आणि त्यांना कोणी हटकत नाही. मग त्याने स्वतःच रंगभूषा केली, त्या घोळक्यात मिसळला आणि आत गेला. ज्या विद्येवर त्याचे प्रेम होते, तिनेच त्याला चित्रपटाच्या दाराआड नेले.

११/
युनिव्हर्सलमध्ये त्याची आणखी एका एक्स्ट्राशी मैत्री झाली: हॅल रोच. सोळाव्या वर्षी घर सोडून अलास्कापर्यंत भटकलेला हा तरुण लॉईडहून जेमतेम सव्वा वर्षाने मोठा होता. १९१४मध्ये रोचच्या हाती वारशाचे थोडे पैसे आले. डॅन लिंथिकम या भागीदाराबरोबर त्याने कंपनी काढली. दोघांच्या आडनावांतील अक्षरे जोडून तिचे नाव पडले ‘रोलिन’. टेकडीवरील ब्रॅडबरी हवेली भाड्याने घेऊन काम सुरू झाले. त्या जुनाट हवेलीत इतका वारा येई की, नटमंडळी तिला ‘न्युमोनिया हॉल’ म्हणत. आणि कंपनीचा नट? अर्थातच मित्र हॅरोल्ड.

१२/
येथे ‘एकरिळी’ चित्रपट म्हणजे काय, हे समजून घेऊ. एक रीळ म्हणजे सुमारे १,००० फूट फिल्म. कॅमेरा आणि प्रक्षेपक हाताने फिरवले जात, त्यामुळे वेग कमीजास्त होई. तरी एक रीळ साधारण दहा ते पंधरा मिनिटे चाले. चित्रपटगृहांचा कार्यक्रम वारंवार बदलत असे. त्यात एखादी नाट्यमय कथा, बातमीपट आणि एक-दोन विनोदी लघुपट हवेतच. म्हणजे लघुपटांची मागणी दूध-भाजीसारखी रोजची होती. जो नियमितपणे माल पुरवील, त्याला वितरक मिळे. लिखित पटकथेची चैन कोणाला परवडत नसे. एक कल्पना, एक सार्वजनिक बाग आणि चार-पाच नट एवढ्यावर चित्रपट उभा राही.

१३/
मागणी विनोदाची होती, म्हणून गंभीर नट व्हायला निघालेला लॉईड विनोदाकडे वळला. त्याचे पहिले पात्र होते ‘विली वर्क’. १९१५च्या ‘जस्ट नट्स’ या लघुपटात ते पाहायला मिळते. तो चित्रपट पाथे या वितरण कंपनीने विकत घेतला. पण याच सुमारास मित्रांत पैशावरून बिनसले. दुसऱ्या एका नटाला आपल्याहून दुप्पट रोज मिळतो, हे कळताच लॉईड रोचला सोडून मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीत गेला. तेथे त्याचे फारसे जमले नाही. इकडे पाथेने रोचला आणखी लघुपट मागितले आणि नट म्हणून लॉईडच हवा होता. तो वाढीव पगारावर परतला.

१४/
परतल्यावर नवे पात्र हवे होते. १९१४पासून चॅप्लिनच्या ‘ट्रॅम्प’ने सारे अमेरिकन विनोदपट झाकोळून टाकले होते. ढगळ विजार, तंग कोट, मोठे बूट, टोपी, काठी आणि मिशी असा त्याचा वेष. त्याची नक्कल करणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता आणि बिली वेस्टसारखे नट तर हुबेहूब नकलेवर उपजीविका करीत. लॉईडने नाट्यशाळेतील विद्यार्थ्यासारखा विचार केला: चॅप्लिनचे कपडे ढगळ, तर आपले तंग, त्याची मिशी एक ठिपका, तर आपले दोन. या उलट्या हिशेबातून ‘लोन्सम ल्यूक’ जन्माला आला.

१५/
ल्यूक चालला, आणि चांगला चालला. १९१५ ते १९१७ या काळात त्याचे साठाहून अधिक लघुपट झाले. चौदा वर्षांची बीबी डॅनियल्स नायिका म्हणून आली आणि झुबकेदार मिश्यांचा स्नब पोलार्ड जोडीदार झाला. पाठलाग, आपटाआपटी, पोलिसांची धावाधाव हा ठरलेला मसाला होता. पैसा मिळत होता आणि पाथे खूश होती. नाखूश होता तो एकटा लॉईड. उलटी नक्कल ही अखेर नक्कलच असते, हे त्याला उमगले होते.

१६/
या अस्वस्थतेला वाचा फोडणारा एक प्रसंग त्याने पुढे सांगितला आहे. प्रेक्षकांची प्रतिक्रिया आजमावण्यासाठी तो चित्रपटगृहात बसला होता. पडद्यावर ल्यूक येताच जवळच बसलेला एक मुलगा आपल्या सोबत्याला म्हणाला की, चॅप्लिनसारखे करू पाहणारा तो हाच. त्या मुलाच्या बोलण्यात द्वेष नव्हता. त्याने फक्त पात्राची ओळख सांगितली होती. साठ चित्रपट करूनही आपली ओळख दुसऱ्याच्या नावाने होते, हे लॉईडच्या मनाला लागले. आता ल्यूक करायचा नाही, असे त्याने ठरवले.

१७/
नवे पात्र सुचले ते एका गंभीर चित्रपटावरून. त्यात चष्मा लावणारा, दिसायला अगदी सौम्य असा एक धर्मोपदेशक होता. प्रसंग पडताच तो गुंडांशी दोन हात करतो आणि काम झाल्यावर पुन्हा पहिल्यासारखा शांत होतो. दिसणे आणि असणे यांतील ही तफावत लॉईडने हेरली. विनोदी नटाने विदूषकाचा वेष करायलाच हवा का? साधा सूट, गवती हॅट आणि चष्मा एवढेच ठेवले तर? असा माणूस प्रेमात पडू शकेल, नोकरी करू शकेल, घाबरू शकेल आणि जिंकूही शकेल. ल्यूकच्या अवतारात यातले काहीच पटण्यासारखे नव्हते.

१८/
चष्मा निवडण्यातही शाळेच्या रंगभूषेत मुरलेला नट दिसतो. पहिली जोडी जड होती. दुसरी इतकी मोठी की भुवया झाकल्या जात, आणि मूकपटातल्या नटाच्या भुवया गेल्या तर उरले काय? शेवटी लॉस एंजेलिसच्या स्प्रिंग स्ट्रीटवरील एका दुकानात त्याला हवी तशी शिंगी कड्यांची चौकट मिळाली. किंमत ७५ सेंट. दिव्यांचा प्रकाश परावर्तित होऊ नये म्हणून तिच्यात काचा नव्हत्या. ही चौकट त्याने सुमारे दीड वर्ष जपून वापरली. जो मुलगा मेण आणि खोट्या दाढ्यांनी चेहरा झाकायला शिकला होता, त्याच्या चेहऱ्यावर आता रिकाम्या चौकटीखेरीज काही उरले नाही.

१९/
कल्पना सुचली, पण पाथेला ती पटेना. ल्यूक आता दोन रिळांचा झाला होता, त्याला नाव होते, बाजार होता. चालते दुकान बंद करून अनोळखी चष्मेवाला कोण विकत घेणार? लॉईडने काम सोडण्याची तयारी दाखवली. त्याहून विलक्षण म्हणजे त्याने स्वतःच मागे येण्याची अट घातली: नवे पात्र दोन रिळांचे नको, एका रिळाचे हवे. नावारूपाला आलेला नट लहान चित्रपट मागत होता. प्रतिष्ठेच्या हिशेबात ही पायउतारच होती.

२०/
यामागचा त्याचा तर्क मात्र पक्का होता. दोन-रिळी चित्रपट महिन्यातून एखादा येतो. तो पडला तर प्रेक्षक महिनाभर ते अपयश लक्षात ठेवतात. एकरिळी चित्रपट लवकर लवकर येतात. एक फसला तरी पुढचा लगेच दारात. शिवाय नव्या पात्राची सवय लागायला वारंवार भेट हवी. नव्या शाळेत आलेला मुलगा रोज दिसला, तरच तो वर्गाला आपला वाटू लागतो. लहानपणी अशा अनेक शाळा पाहिलेल्या लॉईडला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

२१/
चष्मेवाल्याचा पहिला लघुपट ‘ओव्हर द फेन्स’ सप्टेंबर १९१७मध्ये प्रदर्शित झाला. शिंप्याच्या दुकानात काम करणारा तरुण बेसबॉलच्या मैदानावर जाऊन पोहोचतो, एवढीच गोष्ट. तेव्हापासून १९१९पर्यंत असे ऐंशीच्या आसपास एकरिळी चित्रपट झाले. आरंभीच्या चित्रपटांत वेष नवा पण खेळ जुनाच आहे: तीच लाथाळी, तोच पाठलाग. पात्र एका दिवसात घडले नाही. चित्रपटागणिक धसमुसळेपणा थोडा कमी होत गेला आणि त्या जागी एक लाजरा, उत्साही, काहीसा बढाईखोर तरुण आकार घेऊ लागला. हे लघुपट क्रमाने पाहिले, तर एक नट शिकताना दिसतो.

२२/
या तरुणाला नेमका याच काळात प्रेक्षक का मिळाला? अमेरिका झपाट्याने शहरी होत होती. १९२०च्या जनगणनेत त्या देशाच्या इतिहासात प्रथमच निम्म्याहून अधिक लोकसंख्या शहरी भागांत नोंदली गेली. गावातून शहरात आलेला, दुकानात वा कचेरीत नोकरी करणारा, आपले बस्तान बसेल अशी आशा बाळगणारा तरुण हा चित्रपटगृहातील नेहमीचा गिऱ्हाईक होता. ट्रॅम्प समाजाच्या बाहेरून आत पाहतो. चष्मेवाला समाजाच्या आतच आहे. त्याला फक्त एक पायरी वर चढायची आहे. प्रेक्षकांना त्याच्यात शेजारी दिसला, कित्येकांना आरसा दिसला.

२३/
लॉईडच्या पद्धतीतील आणखी एक गोष्ट शाळेच्या तालमीची आठवण करून देते: पूर्वप्रदर्शन. चित्रपट वितरकाकडे जाण्याआधी तो एखाद्या चित्रपटगृहात दाखवायचा, प्रेक्षक कुठे हसतात आणि कुठे चुळबुळतात ते टिपायचे, आणि त्यानुसार काटछाट किंवा नवे चित्रण करायचे. ‘आय डू’ या १९२१च्या लघुपटाचा आरंभ प्रेक्षकांनी थंडपणे घेतला, तेव्हा पहिले रीळच काढून टाकले गेले. नाटकात नटाला समोरचा श्वास ऐकू येतो. चित्रपटात तो येत नाही. लॉईडने ती उणीव अशी भरून काढली.

२४/
१९१९मध्ये पाथेशी नवा करार झाला आणि चष्मेवाला दोन-रिळी चित्रपटांत गेला. यश दारात उभे असतानाच २४ ऑगस्ट १९१९ हा दिवस उजाडला. जाहिरातीची छायाचित्रे काढताना विनोद म्हणून लॉईडच्या हाती एक खोटा बॉम्ब देण्यात आला. त्याने वात पेटवली. बॉम्ब खोटा नव्हता. स्फोटात उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली, चेहरा भाजला, दृष्टीही काही काळ गेली. तो २६ वर्षांचा होता. ‘हॉन्टेड स्पूक्स’ हा लघुपट अर्धवट राहिला होता.

२५/
ज्या चेहऱ्यावरची सारी आवरणे काढायला पाच वर्षे लागली, तोच चेहरा आता पट्ट्यांखाली होता. दृष्टी हळूहळू परत आली आणि चेहऱ्यावरच्या जखमाही भरल्या. तुटलेली बोटे मात्र यायची नव्हती. त्याच्यासाठी कातडीच्या रंगाचा खास हातमोजा बनवला गेला आणि त्यात कृत्रिम अंगठा व बोट बसवले गेले. १९२०च्या आरंभी तो कॅमेऱ्यासमोर परतला आणि ‘हॉन्टेड स्पूक्स’ पुरा केला. प्रेक्षकांनी आपल्या हाताची कीव करू नये म्हणून त्याने या गोष्टीची पडद्यावर कधीच वाच्यता होऊ दिली नाही. रंगभूषेची जुनी विद्या आता एवढ्याच कामाला उरली होती: एक हात लपवण्यापुरती.

२६/
पुढचा प्रवास बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात. ‘हाय अँड डिझी’ (१९२०) आणि ‘नेव्हर वीकन’ (१९२१) या लघुपटांत उंचीवरचा थरार आणि हसू यांची सांगड बसली. ‘अ सेलर-मेड मॅन’ (१९२१) लघुपट म्हणून सुरू झाला आणि वाढत वाढत चार रिळांचा झाला. ‘ग्रँडमाज बॉय’ (१९२२) पाच रिळांपर्यंत पोहोचला. आणि मग १९२३मध्ये ते घड्याळ. काट्याला लोंबकळणाऱ्या त्या माणसाच्या उजव्या हाताला फक्त तीन बोटे आहेत, हे जाणून ते दृश्य पुन्हा पाहावे. दूरची काही दृश्ये कसलेल्या गिर्यारोहकासारख्या भिंती चढणाऱ्या बिल स्ट्रॉदरने केली आणि जवळची दृश्ये इमारतींच्या छपरांवर उभारलेल्या देखाव्यांवर घेतली गेली, हे खरे. तरीही घड्याळाला लटकलेला तो हात लॉईडचाच आहे.

२७/
चढाईइतकीच त्या चित्रपटाची कथाही महत्त्वाची आहे. नायक एका मोठ्या दुकानातला साधा विक्रेता आहे. पण गावाकडच्या प्रेयसीला तो आपण मोठ्या हुद्द्यावर असल्याचे भासवतो. १९२५च्या ‘द फ्रेशमन’मध्ये हेच सूत्र अधिक स्पष्ट होते. महाविद्यालयात लोकप्रिय व्हावे म्हणून नायक चित्रपटातल्या एका नायकाची लकब उचलतो: हस्तांदोलनाआधी नाचाचा एक छोटा ठेका. सारे त्याच्यासमोर टाळ्या वाजवतात आणि पाठीमागे हसतात. दुसऱ्याची नक्कल करून ओळख मिळवू पाहणाऱ्या मुलाची ही गोष्ट आहे. ल्यूकच्या वेषात अडीच वर्षे काढलेल्या नटाला ती बाहेरून शोधावी लागली नसेल.

२८/
१९४३मध्ये लॉईडच्या बेव्हर्ली हिल्स येथील ‘ग्रीनएकर्स’ या निवासस्थानी फिल्मच्या कोठीत आग लागली. नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असते. आरंभीच्या काळातील अनेक चित्रपट त्या आगीत नष्ट झाले. त्यांत लोन्सम ल्यूकचे बहुतेक चित्रपट होते. आज ल्यूकचे मोजकेच लघुपट उरले आहेत. इतिहासाच्या दृष्टीने ही मोठी हानी आहे, कारण चष्मेवाल्यापर्यंतचा रस्ता त्याच फसलेल्या, उसन्या, लोकप्रिय लघुपटांतून गेला होता. शिखराची छायाचित्रे सर्वत्र मिळतात. वाट मात्र अर्धीअधिक जळून गेली आहे.

२९/
१९५३मध्ये लॉईडला मानद ऑस्कर मिळाला. ८ मार्च १९७१ रोजी त्याचे निधन झाले. असे म्हणतात की, चष्मा काढून रस्त्यावरून चालला तर त्याला कोणी ओळखत नसे. शाळेच्या रंगमंचावर, चांगला नट म्हणजे स्वतः नाहीसा होणारा नट, असे मानणाऱ्या त्या मुलाला हे ऐकून समाधानच वाटले असते. मेण नाही, खोटी दाढी नाही. त्यासाठी त्याला फक्त काचा नसलेली एक चौकट खिशात ठेवावी लागली.

धागा समाप्त. ‘सेफ्टी लास्ट!’ पाहिला असेल, तर आता त्याच्या आधीचा ‘नेव्हर वीकन’ शोधून पाहा आणि त्यानंतर ‘जस्ट नट्स’. उलट क्रमाने पाहिले की अंतर अधिक स्पष्ट दिसते.